वीज जाते त्या क्षणाची नोंद

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा या ४०० केव्ही वाहिन्यांच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा मोठा भाग एकदम विजेविना राहिला. लोकल रुळांवर थांबल्या, कार्यालये बंद पडली, त्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. त्याच क्षणी हजारो ठिकाणी आणखी एक गोष्ट घडली, तिची बातमी कधी होत नाही. इमारतीच्या मीटरखोलीतले वीजमीटर, गच्चीवरच्या टाकीचे पातळीमापक, कारखान्यांतले तापमाननोंदक, औषधांच्या शीतकपाटांवरचे थर्मामीटर अशा असंख्य यंत्रांतले मायक्रोकंट्रोलर, म्हणजे यंत्र चालवणारे चिपवरचे छोटे संगणक, एकाएकी बंद झाले. बंद होण्यापूर्वीचे त्यांचे शेवटचे आकडे कुठे गेले? चांगल्या यंत्राने ते जपलेले असतात आणि वीज येताच ते तिथूनच पुढे मोजू लागते. साधे यंत्र शून्यापासून सुरुवात करते. सर्वांत वाईट यंत्र मात्र अर्धवट लिहिला गेलेला आकडाच खरा मानते आणि त्यावर पुढचा हिशेब रचत जाते.

या प्रश्नावर जगभर पुष्कळ काम झाले आहे. चिप बदलल्या, पद्धती सुधारल्या, किमती उतरल्या. तरीही लहान उपकरणे बनवणाऱ्यांकडे हा विषय बहुधा शेवटच्या आठवड्यात उरकला जातो. ‘आकडे मेमरीत लिहून टाका’ एवढीच सूचना मिळते. माझे म्हणणे असे, की मोजणाऱ्या यंत्राची रचना वीज जाण्याच्या क्षणापासून सुरू करावी, आणि मोजमापाच्या अचूकतेचा विचार त्यानंतर करावा. कारण ठाणे जिल्ह्यात ज्या घटना खरोखर मोजायला हव्यात, त्या वीज घालवणाऱ्याच असतात.

पावसाचेच घ्या. २६ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठपासून पुढच्या २४ तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला अवघा ७४. एकाच शहरात एवढी तफावत असेल, तर ठाणे, कळवा, डोंबिवली, बदलापूर इथे प्रत्येकी काय झाले हे दोन वेधशाळांच्या आकड्यांवरून कळणार नाही. स्वयंचलित पर्जन्यमापकांचे दाट जाळे हवे, ही जाणीव त्या दिवसानंतर पक्की झाली. पुढे २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. हजाराच्या आसपास प्रवाशांना पाण्यातून सुखरूप बाहेर काढावे लागले. अशा रात्री नदीकाठचा पर्जन्यमापक काय करत असतो? त्याच्यातली छोटी बादली दर अर्ध्या मिलिमीटरला उलटते, मायक्रोकंट्रोलर ती खेप मोजतो आणि ठरावीक वेळाने आकडा मोबाइलच्या जाळ्यावरून पाठवतो. ९४४ मिलिमीटर म्हणजे अशा १,८८८ खेपा. पाऊस सर्वांत जोरात असतो नेमका त्याच तासात वीज जाते आणि टॉवरही बंद पडतो. मग त्या तासाचा साक्षीदार एकच उरतो, तो म्हणजे यंत्राच्या पोटातली मेमरी. तिने दगा दिला तर पुराच्या आलेखात नेमका महत्त्वाचा तुकडा कोरा राहतो.

डोंबिवली एमआयडीसीची गोष्टही याच जातीची आहे. २६ मे २०१६ रोजी प्रोबेस आणि २३ मे २०२४ रोजी अमुदान या कारखान्यांत झालेल्या स्फोटांनी साऱ्या वसाहतीला हादरे बसले, माणसे गेली. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर तपास करणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो रिअॅक्टरच्या शेवटच्या काही मिनिटांतल्या तापमानाचा आणि दाबाचा. विमानातला उड्डाणनोंदक शेवटच्या २५ तासांच्या नोंदी ठेवतो, मोटारीतल्या एअरबॅगचा नियंत्रक धडकेआधीचे काही सेकंद ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, कोरतो, रेल्वे इंजिनातला वेगनोंदक वेगाचा इतिहास सांभाळतो. लहान रासायनिक कारखान्यातल्या रिअॅक्टरलाही अशी स्वस्त काळी पेटी लावता येते. तिच्यासाठी लागणारी सामग्री आज एका जेवणाच्या खर्चात मिळते. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषक अशा १७ प्रकारच्या उद्योगांना सांडपाणी आणि धूर सतत मोजून ते आकडे थेट पाठवायला सांगितले. तिथेही जाळे तुटल्यावर आकडे साठवून ठेवणारा डेटा लॉगरच सगळी भिस्त सांभाळतो.

या सगळ्यांत संख्येने सर्वाधिक आणि शांतपणे काम करणारे उदाहरण आपल्या घराबाहेर टांगलेले आहे. वीजमीटर. त्याचा हिशेब मांडला, की हा प्रश्न किती टोकदार आहे ते कळते. अनेक एकफेजी मीटरांवर ‘३२०० इम्पल्स प्रति युनिट’ असे छापलेले असते. लाल दिवा एका युनिटमागे तितक्या वेळा लुकलुकतो. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घरात महिन्याभरात ६ लाख ४० हजार लुकलुकी होतात, म्हणजे दिवसाला सुमारे २१,३००. आता समजा, मीटर बनवणाऱ्याने प्रत्येक लुकलुकीला नवा आकडा मेमरीच्या त्याच एका कप्प्यात लिहायचे ठरवले. मायक्रोकंट्रोलरच्या आतल्या ईईप्रॉमचा एक कप्पा साधारण १ लाख वेळा लिहिता येतो अशी हमी असते. भागाकार केला तर तो मीटर पाच दिवसही टिकणार नाही. दहा लाख वेळांची हमी देणारी बाहेरची चिप लावली तरी दीड महिना. आणि प्रत्यक्षात हे मीटर वर्षानुवर्षे चालतात. म्हणजे मीटर लिहितो किती वेळा यापेक्षा तो केव्हा लिहितो, यातच सारी कारागिरी आहे.

ही मर्यादा कुठून येते? १९६७ मध्ये बेल लॅब्समध्ये डॉवॉन काँग आणि सायमन झी यांनी तरंगत्या गेटची कल्पना मांडली. ट्रान्झिस्टरमध्ये सर्व बाजूंनी ऑक्साइडच्या थराने वेढलेली एक पट्टी ठेवायची. तिच्यावर एकदा इलेक्ट्रॉन पोचवले, की वीज गेली तरी ते आतच अडकून राहतात. अडकलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे ट्रान्झिस्टर वेगळा वागतो आणि तो फरक म्हणजेच साठवलेला एक बिट. १९७१ मध्ये इंटेलच्या डॉव्ह फ्रोमन यांनी याच तत्त्वावर अतिनील किरणांनी पुसली जाणारी ईप्रॉम बनवली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जॉर्ज पर्लेगॉस यांच्या कामातून इंटेलची २८१६ ही विजेनेच पुसता येणारी ईईप्रॉम आली. १९८४ मध्ये तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली. तिच्यात एकेक कप्पा न पुसता अख्खा गठ्ठा एकदम पुसला जातो, म्हणून ती दाट आणि स्वस्त झाली. पुसण्या-लिहिण्यासाठी इलेक्ट्रॉनांना तो पातळ ऑक्साइड ओलांडावा लागतो आणि त्यासाठी चिपच्या आत जास्त व्होल्टेज तयार केले जाते. प्रत्येक खेपेला ऑक्साइडला थोडी इजा होते. हजारो खेपांनंतर त्यात कायमचे खळगे पडतात, इलेक्ट्रॉन गळू लागतात. झीज ही अशी अगदी भौतिक गोष्ट आहे. प्रोग्रॅम हुशार असला तर ती पसरवता येते, टाळता येत नाही.

मोठ्या कंपन्याही इथे फसल्या आहेत. २०२१ मध्ये टेस्लाने अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार मोटारी परत बोलावल्या. मोटारीतला संगणक ८ जीबीच्या फ्लॅश मेमरीवर सतत नोंदी लिहीत राहिला आणि काही वर्षांत ती मेमरी झिजून गेली. पडदा बंद, मागचा कॅमेरा बंद. जगातल्या नामांकित अभियंत्यांकडून हा हिशेब सुटतो, तर डोंबिवलीतल्या छोट्या कार्यशाळेने तो कागदावर दोनदा मांडावा, हे सांगायला संकोच वाटण्याचे कारण नाही.

झीज पसरवण्याची सर्वमान्य पद्धत म्हणजे फिरता साठा. रहाटगाडग्यासारखे एकामागून एक गाडगे भरत जायचे. शेवटचे भरले, की पहिले, सर्वांत जुने गाडगे रिकामे करून पुन्हा भरायचे. त्यामुळे मेमरीत नेहमी अलीकडच्या नोंदी राहतात आणि झीज सगळ्या कप्प्यांत सारखी वाटली जाते. अर्डुइनो बोर्डांवर सर्रास दिसणाऱ्या एटमेगा ३२८पी या मायक्रोकंट्रोलरमध्ये १,०२४ बाइटचे ईईप्रॉम आहे. दर मिनिटाला एक नोंद एकाच जागी लिहिली, तर १ लाख खेपा ७० दिवसांत संपतात. चार बाइटची नोंद २५६ जागांवर फिरवली, तर तेच आयुष्य ४८ वर्षांवर जाते. चिप तीच, खर्च तोच, फरक केवळ विचाराचा.

पण या पद्धतीत एक सापळा आहे आणि नवखे लोक हमखास त्यात सापडतात. पुढची नोंद कुठे लिहायची, हे लक्षात ठेवायला ते एक निर्देशक ठेवतात आणि तो एका ठरलेल्या जागी लिहितात. नोंदी फिरतात, निर्देशक मात्र जागचा हलत नाही. मग सगळी झीज त्या एका कप्प्यात गोळा होते आणि ७० दिवसांनी तोच पहिला मरतो. यावरचा उपाय सोपा आहे. निर्देशक ठेवायचाच नाही. प्रत्येक नोंदीला चढता अनुक्रमांक द्यायचा. वीज आल्यावर यंत्राने सगळ्या नोंदी एकदा वाचायच्या. जिथे क्रमांकांची चढण तुटते, तिथली शेवटची नोंद सर्वांत ताजी. २५६ नोंदी वाचायला मायक्रोकंट्रोलरला डोळ्याची पापणी लवण्याहून कमी वेळ लागतो.

आता अर्धवट नोंदीचा प्रश्न. ईईप्रॉममध्ये एक बाइट लिहायला एटमेगाला ३.४ मिलिसेकंद लागतात. चार बाइटची नोंद लिहायला साधारण १४ मिलिसेकंद. या १४ मिलिसेकंदांत वीज गेली, तर दोन बाइट नवे आणि दोन जुने असे एक विचित्र मिश्रण शिल्लक राहते, आणि ते आकडा म्हणून वाचले तर अगदी खरे वाटू शकते. म्हणून प्रत्येक नोंदीच्या शेवटी पडताळ्याचा एक बाइट हवाच. नोंदीतल्या बाकी बाइटांवरून गणित करून तो काढलेला असतो. सुरू होताना यंत्र तेच गणित पुन्हा करते आणि उत्तर जुळले नाही, तर ती नोंद सोडून आधीची घेते. एक नोंद गमावणे चालते. खोटी नोंद खरी म्हणून पुढे जाणे चालत नाही. जुन्या नोंदीवर थेट न लिहिता नेहमी पुढच्या जागी लिहायचे, हे फिरत्या साठ्याचे दुसरे मोठे वरदान इथे कळते: नवी बिघडली तरी आधीची शाबूत असते.

वीज हळूहळू उतरते तेव्हाचा धोका याहून वेगळा आणि अधिक फसवा असतो. व्होल्टेज एका मर्यादेखाली गेले, की मायक्रोकंट्रोलर बंद पडण्याआधी चुकीच्या आज्ञा पाळू लागतो. त्या भ्रमात तो ईईप्रॉममध्ये भलत्याच जागी काहीही लिहू शकतो. हे टाळण्यासाठी चिपमध्येच व्होल्टेज-पहारेकरी, म्हणजे ब्राउन-आउट डिटेक्टर असतो. एटमेगामध्ये तो १.८, २.७ किंवा ४.३ व्होल्टवर बसवता येतो. तो सुरू ठेवला, की ठरावीक पातळीखाली चिप सरळ थांबते. वीज वाचवण्यासाठी तो बंद ठेवण्याचा मोह बॅटरीवरच्या उपकरणांत होतो. माझ्या मते, नोंदी ठेवणाऱ्या यंत्रात तो मोह आवरावा.

मीटरवाल्यांची खरी युक्ती याच क्षणाभोवती आहे. चालू मोजणी ते साध्या रॅममध्ये ठेवतात, जिला झीज नसते. पुरवठा तुटतोय हे एक छोटे सर्किट आधीच ओळखते आणि मायक्रोकंट्रोलरला इशारा देते. त्यानंतर कपॅसिटरमध्ये उरलेल्या विजेवर आकडा मेमरीत उतरवायचा. किती वेळ मिळतो? १,००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर ५ व्होल्टवरून ३ व्होल्टवर उतरेपर्यंत, २० मिलिअँपिअरच्या भाराला, १०० मिलिसेकंद. बाइटला ३.४ मिलिसेकंद धरले तर जवळजवळ २९ बाइट. शेवटचा आकडा, वेळ आणि पडताळा यांना ते पुरेसे आहे. पण इशारा मिळताच पहिल्यांदा दिवे, रिले आणि रेडिओ बंद करायचे, आणि कपॅसिटरची वीज मागे दुसऱ्या भागांत पळू नये म्हणून मधे डायोड लावायचा. या दोन गोष्टी विसरल्या, की १०० मिलिसेकंदांचे १० होतात.

इथे एटमेगाची एक कमी वापरली जाणारी सोय सांगण्यासारखी आहे. त्याच्या ईईप्रॉममध्ये पुसणे आणि लिहिणे वेगवेगळे करता येते, प्रत्येकी १.८ मिलिसेकंदांत. पुढची जागा शांतपणे, वीज असताना आधीच पुसून ठेवली, तर संकटाच्या वेळी फक्त लिहायचे उरते आणि त्याच कपॅसिटरवर जवळजवळ दुप्पट बाइट बसतात. फ्लॅशमध्ये तर हा नियमच समजावा. डब्ल्यू२५क्यू मालिकेतल्या सिरियल फ्लॅश चिपला ४ किलोबाइटचा गठ्ठा पुसायला साधारण ४५ मिलिसेकंद आणि कधी त्याच्या कितीतरी पट वेळ लागू शकतो. वीज जात असताना पुसायला घेतलेला गठ्ठा म्हणजे हमखास गमावलेल्या नोंदी. पुसलेला एक गठ्ठा नेहमी तयार ठेवावा.

अलीकडे विद्यार्थ्यांच्या हाती एटमेगापेक्षा ईएसपी३२ किंवा एसटीएम३२ अधिक असतात आणि यांतल्या बहुतेकांत खरे ईईप्रॉम नसतेच. ईएसपी८२६६ साठीच्या अर्डुइनो संचात ‘ईईप्रॉम’ नावाची लायब्ररी मिळते खरी, पण ती एक बाइट बदलला तरी फ्लॅशचा ४,०९६ बाइटचा पूर्ण गठ्ठा पुसून पुन्हा लिहिते. दर मिनिटाला ती चालवली, तर फ्लॅश काही महिन्यांत दमते, आणि पुसणे व लिहिणे यांच्या मधे वीज गेली तर सगळेच जाते. ईएसपी३२ ची एनव्हीएस ही व्यवस्था बरीच सुज्ञ आहे: ती जुन्यावर न लिहिता पुढे लिहीत जाते आणि पान भरल्यावरच जुने पान पुसते. मात्र ती सेटिंग जपायला उत्तम, नोंदींचा ओघ झेलायला नाही. ओघासाठी स्वतंत्र विभाग राखून तिथे स्वतःचा फिरता साठा लिहावा. ईएसपी३२ गाढ झोपेत असताना टिकणारी ८ किलोबाइटची आरटीसी मेमरीही आहे. दहा-वीस नोंदी तिथे गोळा करून एकदम फ्लॅशमध्ये उतरवल्या, तर झीज तेवढ्या पटीने कमी होते. वीज पूर्ण गेली तर मात्र त्या दहा-वीस जातात, हे जाणूनच हा सौदा करावा. एसटीएम३२ च्या काही नव्या मालिकांत फ्लॅशला चूक-दुरुस्तीचे बिट जोडलेले असतात, त्यामुळे एकदा लिहिलेल्या आठ बाइटांत नंतर एखादा बिट बदलून ‘ही नोंद पूर्ण झाली’ अशी खूण करण्याची जुनी युक्ती तिथे चालत नाही.

फ्लॅश आणि ईईप्रॉम यांच्या पलीकडचा पर्याय म्हणजे एफ-रॅम. तिच्यात इलेक्ट्रॉन अडकवायचे नसतात. स्फटिकातल्या अणूंची जागा विद्युतक्षेत्राने सरकते आणि तशीच राहते. म्हणून लिहायला थांबावे लागत नाही, पुसावे लागत नाही, आणि फुजित्सूच्या एमबी८५आरसी२५६व्ही सारख्या ३२ किलोबाइटच्या चिपला लाख कोटी, म्हणजे १०^१२ खेपांची हमी असते. प्रत्येक लुकलुकीला लिहिले तरी ती माणसाच्या आयुष्यात झिजणार नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एमएसपी४३०एफआर मालिकेत ती मायक्रोकंट्रोलरच्या आतच आहे. ईईप्रॉमपेक्षा ती महाग, आणि क्षमता मर्यादित. तरी पूर, रिअॅक्टर, पैसे यांच्याशी संबंधित यंत्रात हा जादा खर्च मला पूर्ण योग्य वाटतो. बटन सेलवर जगणाऱ्या रॅमचा पर्याय जुना आणि अजून उपयोगी: डीएस१३०७ घड्याळाच्या चिपमध्ये असे ५६ बाइट असतात. मात्र सेल संपल्याचे कोणी पाहत नाही. एसडी कार्ड काढून संगणकात लावता येते म्हणून विद्यार्थ्यांना आवडते, पण त्याच्या आत स्वतःचा नियंत्रक असतो. वीज गेली तेव्हा तो काय हलवत होता हे आपल्याला कळत नाही, आणि कधी कधी सगळी फाइलव्यवस्थाच कोसळते. ते दुसरी प्रत म्हणून वापरावे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या डीएस३२३१ घड्याळाच्या मॉड्यूलवर बहुधा एटी२४सी३२ हे ४ किलोबाइटचे ईईप्रॉमही बसवलेले असते. पुष्कळांना ते तिथे असल्याचे ठाऊक नसते. त्याचे पान ३२ बाइटचे आहे. एका दमात पानाच्या हद्दीपलीकडे लिहायला गेलो, तर पुढचे बाइट पुढच्या पानावर न जाता त्याच पानाच्या सुरुवातीला जाऊन आधीचे आकडे पुसतात. नोंदीचा आकार ३२ ला पूर्ण भाग जाईल असा ठेवला, की हा त्रास मुळातच उरत नाही. याच घड्याळात एक खूण असते, जी दोलक कधी थांबला होता का ते सांगते. सुरू होताना ती तपासली नाही, तर सेल संपलेल्या घड्याळाची तारीख नोंदींवर बसते आणि उत्तम मोजलेले आकडे चुकीच्या दिवसाचे होतात. चुकीच्या वेळेची नोंद न्यायालयाला, विम्याला, पूरअभ्यासाला कुठेच चालत नाही.

जागा कमी असताना किती दिवस मागे जाता येते? समजा, उल्हासच्या एखाद्या पुलाखाली पाण्याची पातळी दर १५ मिनिटांनी सेंटिमीटरमध्ये मोजायची आहे आणि हाताशी फक्त एटमेगाचे १,०२४ बाइट आहेत. त्यांचे ३२ बाइटचे ३२ गठ्ठे करावेत. प्रत्येक गठ्ठ्यात चार बाइट वेळेचे, दोन पूर्ण पातळीचे, एक पडताळ्याचा, आणि उरलेल्या २५ बाइटांत आधीच्या मोजमापापासूनचा फरक. १५ मिनिटांत पाणी मीटरभराहून जास्त चढले, तर ती घटना स्वतंत्र गठ्ठा सुरू करण्याइतकी मोठी आहेच. पुसलेल्या बाइटचे मूल्य २५५ असते, म्हणून फरकासाठी ते वापरायचे नाही. २५५ दिसले, की तिथून पुढे अजून काही लिहिलेले नाही असे समजावे. अशा रचनेत एका गठ्ठ्यात २६ मोजमापे बसतात आणि एक गठ्ठा पुसायला बाजूला ठेवला तरी आठ दिवसांहून अधिक इतिहास हाती राहतो. पूर ओसरून, रस्ते सुरू होऊन माणूस तिथे पोचेपर्यंत एवढा वेळ पुरतो.

वीजमीटरांत याच विचाराचे मोठे रूप दिसते. दर अर्ध्या तासाला एक नोंद असा ३५ दिवसांचा ‘लोड सर्व्हे’ म्हणजे १,६८० नोंदी; एकेक नोंद १६ बाइटची धरली तर सारे ३२ किलोबाइटच्या एका चिपमध्ये मावते. याशिवाय झाकण उघडले, चुंबक जवळ आणले, पुरवठा गेला-आला अशा घटना वेळेसह वेगळ्या ठेवल्या जातात. हाती धरायच्या यंत्राने हे सगळे मीटरमधून उतरवून घेता येते; कर्मचाऱ्यांच्या तोंडी त्याला ‘एमआरआय काढणे’ म्हणतात. महावितरणच्या कल्याण आणि भांडुप परिमंडळांतल्या ग्राहक तक्रार निवारण मंचांपुढे वाढीव बिलाचा वाद येतो तेव्हा हा तपशील दोन्ही बाजूंना उपयोगी पडतो. ग्राहकाने तो मागावा. आपल्याच वापराची नोंद आहे ती.

उष्णतेचा मुद्दा शेवटी घेतो, कारण तो सर्वांत जास्त विसरला जातो. अडकवलेले इलेक्ट्रॉन तापमान वाढले, की लवकर गळतात. एटमेगाच्या माहितीपत्रकात नोंदी २५ अंशांना १०० वर्षे टिकतात असे म्हटले आहे आणि ८५ अंशांना २० वर्षे. शिवाय जो कप्पा जास्त वेळा लिहिला गेला, तो कमी काळ धरून ठेवतो. मे महिन्यात गच्चीवर उन्हात असलेली बंद पत्र्याची पेटी किंवा बॉयलरशेजारी टांगलेला लॉगर यांना प्रयोगशाळेतले आकडे लावून चालत नाही. त्यात कोकणातला दमटपणा. बोर्डावर लेप दिला नाही, तर मेमरी शाबूत राहून तिच्या पायांवरचे सोल्डर आधी गंजते.

सगळे पर्याय तोलून माझा कौल असा आहे. शिकण्याच्या प्रकल्पाला एटमेगाचे अंतर्गत ईईप्रॉम, अनुक्रमांक, पडताळा आणि ब्राउन-आउट पहारा एवढे पुरे. ज्या यंत्राच्या आकड्यावर कोणाचा जीव, घर किंवा बिल अवलंबून आहे, तिथे ताज्या नोंदींसाठी एफ-रॅम आणि दीर्घ इतिहासासाठी सिरियल फ्लॅश, सोबत पुरेसा कपॅसिटर आणि पुरवठा तुटण्याचा इशारा. फक्त मोबाइलच्या जाळ्यावर आणि दूरच्या सर्व्हरवर विसंबणारी रचना आपल्या भागासाठी मला मान्य नाही.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या अभियांत्रिकी आणि पॉलिटेक्निक महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना आणि वागळे इस्टेटपासून डोंबिवलीपर्यंतच्या छोट्या उत्पादकांना एक विनंती आहे. उपकरण दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी एक रिले आणि टायमर लावून त्याची वीज रात्रभर अनियमित वेळांनी तोडत-जोडत राहा आणि सकाळी प्रत्येक नोंद तपासा. आणि महापालिकांत पर्जन्यमापक, पातळीमापक, पाणीमीटर यांच्या निविदा लिहिणाऱ्यांनी ही चाचणी, किती दिवसांच्या नोंदी आत राहिल्या पाहिजेत तो आकडा, आणि त्या नोंदी नागरिकांना वाचता येण्याची सोय, या तीन अटी निविदेतच घालाव्यात.